पाठीवरील पिशवी आणि आरोहणाचे बूट

ढोकीच्या काळ्या जमिनींत पावसाळ्याची पहिली सर पडली, कीं वहाण पायांत ठेवून चालणें कठीण होतें. चिखल तळव्यास चिकटतो, प्रत्येक पावलागणिक वाढत जातो, आणि शेवटीं शेतकरी वहाणा काढून हातांत घेतो. त्या क्षणापासून पायाचें रक्षण करणारी वस्तु निव्वळ ओझें बनते. मग हें ओझें कोठें व कसें ठेवावें, असा प्रश्न उभा राहतो. दिसावयास हा प्रश्न क्षुल्लक आहे. परंतु सह्याद्रीच्या कड्यावर चढणाऱ्यास तो तसा वाटत नाहीं.

ढोकीच्या आसपास उंच कडे नाहींत. हा सारा बालाघाटाचा पठारी मुलूख. कड्यांची हौस असलेल्या येथील तरुणास रेल्वेनें कुर्डुवाडी गांठून पश्चिमेकडे जावें लागतें. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ सालीं याच वाटेनें लातुरास पोहोंचली. पुढें तो मार्ग रुंद झाला. प्रवास लांबचा असला तरी खडक परका नसतो. ढोकीच्या विहिरींत लागणारा काळा पाषाण आणि हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्याचा पाषाण हे दोन्ही एकाच जातीचे, ज्वालामुखीच्या रसापासून झालेले आहेत.

अशा तरुणाच्या सामानांत बुटांचे दोन जोड असतात. एक चालण्याचा, दुसरा आरोहणाचा. आरोहणाचा बूट पायास अगदीं घट्ट बसतो, बोटें पुढें किंचित् वळवून धरतो आणि त्याचा तळ खांचांवांचून गुळगुळीत असतो. मऊ रबर खडकाच्या बारीक खडबडीस जितकें जास्त भिडेल, तितकी पकड चांगली. फ्रान्समध्यें फाँतेनब्लोच्या शिळांवर चढणाऱ्या पिएर आलँ यानें १९३० नंतरच्या दशकांत अशा रबरी तळाच्या बुटांचा पाया घातला. १९८२ सालीं स्पेनमधील बोरिअल या कारखान्यानें अधिक चिकट रबराचा बूट बाजारांत आणला आणि आरोहणाची रीतच पालटली. महाराष्ट्रांतहि हा खेळ आतां रुजला आहे. २०१६ व २०१७ या दोन्ही सालीं नवी मुंबईस बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धा भरली होती.

हे बूट घालून रानवाट चालणें अशक्यप्राय असतें. बोटें दुखतात आणि मऊ रबर खड्यांवर झिजतें. म्हणून कड्याच्या पायथ्यापर्यंत ते पाठीवरच न्यावे लागतात. पाठीवरच्या पिशवीस गिर्यारोहक ‘सॅक’ म्हणतात. तिच्या आंत शिदोरी, कोरडे कपडे आणि दोर असतो. घामानें ओले झालेले बूट त्यांत कोंबले, तर दमटपणा व दुर्गंधि साऱ्या सामानास लागते आणि बूटहि वाळत नाहींत. यासाठीं ते बाहेर बांधण्याची चाल पडली आहे. चाल योग्य आहे. पण बांधणें आणि लोंबकळत सोडणें यांत फार अंतर आहे.

याचें कारण लंबकाच्या नियमांत सांपडतें. सुमारें २५ सेंटिमीटर लांबीच्या नाडीवर टांगलेली वस्तु एक झोका पुरा करण्यास जवळ जवळ एक सेकंद घेते. माणूस बऱ्या वेगानें चालूं लागला, म्हणजे त्याचें डावें व उजवें पाऊल मिळूनहि साधारण एक सेकंदच लागतो. झोपाळ्यावरील मुलास योग्य क्षणीं हलकासा धक्का देत गेलें, कीं झोका वाढतच जातो. तद्वत् प्रत्येक पावलाबरोबर त्या बुटांस धक्का मिळतो. जोडाचें वजन अर्ध्या किलोच्या आसपास. परंतु तें स्थिर असतां जाणवत नाहीं, आणि झुलूं लागलें कीं खांदा एकदां इकडे, एकदां तिकडे ओढतें. सपाट वाटेवर यानें नुसता शीण होतो. एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस दरी असलेल्या अरुंद वाटेवर हीच ओढ तोल घालवूं शकते. लोंबते बूट करवंदीच्या जाळींत अडकतात, किंवा गांठ सुटून खालून येणाऱ्या सोबत्याच्या अंगावर पडतात. एक बूट दरींत गेला, तर उरलेला निरुपयोगी होतो आणि महिनोन् महिने पैसे सांठवून आंखलेली मोहीम पायथ्याशींच संपते.

बांधण्याची रीत सोपी आहे. प्रथम बुटांचे पट्टे अथवा नाड्या बंद कराव्या, म्हणजे आंत खडे जात नाहींत. नंतर दोन्ही बूट तळाला तळ लावून धरावे. त्यामुळें रबरास धूळ लागत नाहीं. धुळीचा पातळ थर बसला तरी पकड कमी होते, म्हणूनच चढण्यापूर्वीं तळ पुसण्याची पद्धत आहे. बुटांच्या टांचेपाशीं कापडी कड्या असतात. त्या दोन्हींतून एकच कॅराबिनर ओंवून तो सॅकच्या भक्कम शिवलेल्या बंदास अडकवावा. एवढ्यावर न थांबतां सॅकच्या बाजूचा आवळपट्टा बुटांवरून घेऊन घट्ट ओढावा. कॅराबिनर बूट पडूं देत नाहीं, पट्टा झुलूं देत नाहीं. दोहोंची गरज आहे. बूट शक्यतों पाठीजवळ असावे आणि खांद्यांच्या रुंदीबाहेर जाऊं नयेत. बांधून झाल्यावर सॅक पाठीस घेऊन दोन उड्या माराव्या. आवाज आला, तर पट्टा पुन्हां आवळावा.

बाहेर बांधण्यासहि मर्यादा आहेत. पावसांत, दाट झाडींत, एस्. टी. च्या गर्दींत किंवा प्रत्यक्ष कडा चढतांना बूट कापडी थैलींत घालून आंतच ठेवावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा उन्हांत काळें रबर तापतें आणि तळ जोडणारा डिंक सैल होऊं लागतो. तेव्हां बूट वाळवावयाचे ते सावलींत, वाऱ्यावर.

चिखलांतून वहाणा हातीं घेऊन जाणारा शेतकरी त्या घट्ट धरतो, कारण पलीकडच्या कांटेरी वाटेवर त्यांच्यावांचून पाऊल टाकतां येणार नाहीं, हें तो जाणतो. कड्याकडे निघालेल्यानेंहि बूट बांधतांना हेंच ध्यानांत ठेवावें. घरीं निवांतपणें मारलेल्या दोन गांठी अवघड जागीं मोठा प्रसंग टाळतात.