कंट्रोल लाइन विमानप्रतिकृतीसाठी इंधनटाकीची निवड : एक विवेचन

बीजसंज्ञा : विमानप्रतिकृती, कंट्रोल लाइन, केंद्रोत्सारी परिणाम, युनिफ्लो टाकी, इंधनमिश्रण

प्रस्तावना

दोन बारीक पोलादी तारांच्या टोकाशी बांधलेले, मध्यभागी उभ्या असलेल्या चालकाभोवती वर्तुळात उडणारे आणि त्याच्या हातातील मुठीच्या हालचालीने वर-खाली होणारे इंजिनचे छोटे विमान म्हणजे कंट्रोल लाइन विमानप्रतिकृती होय. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील पोर्टलंडच्या जिम वॉकर यांनी 'यू-कंट्रोल' या नावाने हा प्रकार लोकप्रिय केला. आपल्याकडे तो मुख्यतः राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेमुळे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. ही शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथील प्रत्येकी एका पथकाने सुरू झाली. तिच्या प्रशिक्षणात विमानप्रतिकृतींना स्थान आहे आणि वायुसैनिक शिबिरातील स्पर्धांमध्येही कंट्रोल लाइन उड्डाणाचा समावेश राहिलेला आहे.

हदगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी या छंदाचे तयार साहित्य सहजी मिळत नाही. इंजिन बाहेरून मागवता येते. टाकी मात्र बहुधा विद्यार्थ्यालाच तयार करावी लागते. नेमक्या याच भागाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पंखांचा आकार, पंख्याचा व्यास, तारांची लांबी यांची चर्चा होते आणि टाकी 'बसेल तिथे, मिळेल ती' या न्यायाने बसविली जाते. परिणामी जमिनीवर उत्तम चालणारे इंजिन हवेत तिसऱ्या-चौथ्या फेरीला अडखळते. विमान डोक्यावर असताना इंजिन बंद पडले तर तारा सैल होतात, नियंत्रण संपते आणि अर्धा-पाऊण किलोची वस्तू चालकावर अथवा बघ्यांवर कोसळू शकते. टाकीची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, तो यासाठीच. प्रस्तुत लेखात या निवडीमागील भौतिकशास्त्रीय कारणे आणि आपल्या परिसरात शक्य असलेली व्यवहार्य रचना यांचा विचार केला आहे.

इंधनाला 'खाली' म्हणजे कोठे?

जोंधळ्याच्या राखणीला गोफण फिरविणाऱ्याला हे सांगावे लागत नाही की फिरणारा दगड गोफणीच्या तळाशीच घट्ट दाबला जातो, मग गोफण डोक्यावर आडवी का फिरत असेना. टाकीतील इंधनाची अवस्था त्या दगडासारखीच असते. विमान वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. डावा पंख चालकाकडे व उजवा पंख बाहेर असतो. इंधन टाकीच्या उजव्या, म्हणजे बाहेरील भिंतीकडे रेटले जाते.

हा रेटा किती, ते मोजता येते. वर्तुळाची त्रिज्या १२ मीटर आणि एका फेरीला ५ सेकंद असे शिकाऊ विमान धरले, तर वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर येतो. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले असता त्वरण सुमारे १९ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ दुप्पट होते. कसरतीच्या विमानाची त्रिज्या २० मीटर व फेरी ५.२ सेकंदांची धरली, तर वेग २४ मीटर आणि त्वरण गुरुत्वत्वरणाच्या तिप्पट भरते. अशा स्थितीत टाकीतील इंधनाचा पृष्ठभाग आडवा न राहता जवळजवळ उभा होतो. इंधनाच्या दृष्टीने 'खाली' म्हणजे जमीन नसून वर्तुळाची बाहेरची बाजू होय. ही एक गोष्ट मनात पक्की झाली की पुढील बहुतेक नियम आपोआप सुचतात.

पहिला निष्कर्ष असा की इंधन खेचणारी नळी टाकीच्या बाहेरील भिंतीशी, आणि तीही मागील कोपऱ्यात संपली पाहिजे. कारण विमान वेग घेताना अथवा नाक वर करून चढताना इंधन मागे सरकते. टाकीला पाचरीचा आकार देण्याची प्रथा याच कारणाने पडली आहे. पाचरीची धार बाहेरच्या बाजूस ठेवली म्हणजे अखेरचे काही थेंबही त्या धारेत गोळा होतात आणि इंजिन सरळ उड्डाणात असो वा उलट्या, नळीला इंधन मिळत राहते. चौकोनी डब्याच्या टाकीत मात्र शेवटचे इंधन उभ्या भिंतीवर वर-खाली पसरते व नळी मधूनच हवा ओढते. इंजिनचा आवाज अशा वेळी खोकल्यासारखा येतो.

पातळी घटते तेव्हा

इंजिनच्या हवेच्या मार्गात स्प्रे बार नावाची बारीक आडवी नळी असते. तिच्यापाशी निर्माण होणाऱ्या अल्प चोषणाने इंधन ओढले जाते व सुईच्या झडपेने त्याचे प्रमाण ठरते. हे चोषण बेताचेच असल्यामुळे टाकीतील पातळीचा थोडाही फरक मिश्रणावर उमटतो. समजा, टाकीची आतून बाहेरपर्यंतची रुंदी ५ सेंमी आहे. तिप्पट त्वरणात ती टाकी भरलेली असताना आणि रिकामी होताना मिळणाऱ्या दाबातील फरक हा जमिनीवरील १५ सेंमी उंचीच्या इंधनस्तंभाएवढा होतो. साहजिकच उड्डाणाच्या आरंभी मिश्रणात इंधन जास्त आणि अखेरीस कमी, म्हणजे छंदिकांच्या भाषेत आधी 'रिच' व नंतर 'लीन' अशी अवस्था येते. लीन मिश्रणावर इंजिन तापते, वेग वाढतो आणि काही वेळा ते जागीच थांबते.

यावर दोन उपाय आहेत. एक, टाकी आत-बाहेर दिशेने अरुंद व मागे-पुढे लांब ठेवावी. शिकाऊ विमानासाठी ३ सेंमी रुंदीची टाकी घेतली तर दुप्पट त्वरणात हा फरक ६ सेंमीच्या आतच राहतो आणि साधी टाकी पुरेशी ठरते. दुसरा उपाय अधिक सुंदर आहे. त्याला युनिफ्लो म्हणतात.

रुग्णालयात सलाईनच्या काचेच्या बाटलीला हवेसाठी वेगळी सुई लावलेली अनेकांनी पाहिली असेल. बंद बाटलीत हवेची नळी खोलवर नेली, तर तिच्या आतील टोकापाशी दाब बाहेरील हवेएवढाच राहतो. वर द्रव किती शिल्लक आहे यावर प्रवाह अवलंबून राहत नाही. सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ एदमे मारियॉत यांच्या नावाने ही रचना 'मारियॉतची बाटली' म्हणून ओळखली जाते. युनिफ्लो टाकीत हेच तत्त्व आडवे झाले आहे, कारण तेथे 'खाली' म्हणजे बाहेरची बाजू. हवेची नळी टाकीतून नेऊन तिचे टोक इंधन खेचणाऱ्या नळीच्या टोकाच्या किंचित मागे-पुढे, त्याच बाहेरील धारेजवळ आणले जाते. टाकी भरण्याची वा ओसंडण्याची नळी भरल्यानंतर टोपण लावून घट्ट बंद करावी लागते. हे टोपण विसरले की युनिफ्लो टाकी पुन्हा साधी टाकी होते. प्रस्तुत लेखकाने असे 'बिघडलेले' इंजिन एका सायंकाळी दोनदा उघडले होते. दोष निघाला तो खिशात राहिलेल्या टोपणाचा.

हवेच्या नळीचे बाहेरील तोंड पुढे, वाऱ्याच्या दिशेने ठेवण्याचा प्रघात आहे. सेकंदाला २४ मीटर वेगात त्यामुळे मिळणारा जादा दाब ३ ते ४ सेंमी इंधनस्तंभाएवढा असतो. तो इंधनपुरवठ्यास मदत करतो. मात्र हे तोंड पंख्यामागील गोंधळलेल्या प्रवाहात वा विमानाच्या अंगाला चिकटून असेल तर दाब अस्थिर होतो.

याखेरीज रबरी फुग्याची टाकी असते; तिच्यात रबराच्या ताणानेच इंधन पुढे ढकलले जाते. झुंजीच्या विमानांत, जेथे दिशा क्षणोक्षणी बदलते, तेथे ती उपयुक्त आहे. परंतु नळी निसटली तर इंधनाची चिळकांडी उडते, म्हणून शिकाऊ मुलांच्या हाती ती देणे प्रस्तुत लेखकाला योग्य वाटत नाही. सायलेन्सरमधील वायूचा दाब टाकीस देणे हाही एक मार्ग आहे.

उंचीचा प्रश्न

आत-बाहेर दिशेचा विचार झाला, तरी वर-खाली दिशा उरतेच. वर्तुळाकार कसरतीत, समजा ६ मीटर त्रिज्येचे उभे वर्तुळ २४ मीटर वेगाने घेतले, तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दहापट होते. टाकीचा मध्य स्प्रे बारपेक्षा केवळ ३ मिमी वर वा खाली असला, तरी त्या क्षणी त्याचा परिणाम ३ सेंमी फरकाएवढा होतो. म्हणून टाकी कायमची चिकटवू नये. खाली पातळ लाकडी पट्ट्या घालून ती हलविता येईल अशी बसवावी.

योग्य उंची डोळ्यांनी ठरत नाही, घड्याळाने ठरते. विमान सरळ ठेवून काही फेऱ्यांचा वेळ घ्यावा, नंतर उलटे उडवून तेवढ्याच फेऱ्यांचा घ्यावा. उलट्या स्थितीत फेरी लांबली, म्हणजे मिश्रण रिच झाले, तर सरळ स्थितीत टाकी स्प्रे बारच्या खाली आहे असे समजून ती थोडी वर उचलावी. उलट्या स्थितीत फेरी जलद झाली तर टाकी खाली घ्यावी. एका वेळी एक मिलिमीटरपेक्षा जास्त बदल करू नये.

क्षमता किती असावी?

मोठी टाकी म्हणजे चांगली टाकी, ही समजूत नवख्यांमध्ये सर्वत्र आढळते. वास्तविक नवख्याला लहान टाकी हवी. पाच सेकंदांची फेरी धरल्यास दोन मिनिटांत त्याला स्वतःभोवती चोवीस गिरक्या घ्याव्या लागतात आणि इंजिन आपल्या इच्छेने बंद करण्याची सोय बहुधा नसते. घेरी आलेल्या मुलाच्या हातात आणखी तीन मिनिटांचे इंधन शिल्लक असणे ही सुखाची गोष्ट नव्हे. याउलट आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एफ२बी या कसरतीच्या स्पर्धेत संपूर्ण उड्डाणास सात मिनिटे मिळतात, तेव्हा टाकी तेवढी पुरली पाहिजे. एफ२सी या शर्यतीच्या प्रकारात टाकीची कमाल क्षमता ७ घनसेंमी एवढीच असते. १०० फेऱ्यांचे १० किलोमीटर अंतर कापताना मध्येच उतरून पुन्हा इंधन भरावे लागते. तेथे टाकीबरोबरच ती भरण्याची चपळाईही कसोटीला लागते.

क्षमता ठरविण्याची सोपी पद्धत अशी : औषधाच्या पिचकारीने मोजून २० मिलि इंधन भरावे, इंजिन उड्डाणाच्या मिश्रणावर चालवावे व वेळ नोंदवावा. अडीच मिनिटे मिळाली, तर खप मिनिटाला ८ मिलि. पाच मिनिटांसाठी ४० मिलि आणि वर थोडी सोय. हवेत पंख्यावरील भार हलका होतो, त्यामुळे पहिल्या उड्डाणानंतर हा आकडा दुरुस्त करावा. ४० मिलि इंधनाचे वजन सुमारे ३५ ग्रॅम भरते. टाकी विमानाच्या पुढील भागात असल्याने इंधन संपत जाते तसतसा गुरुत्वमध्य मागे सरकतो. म्हणून तोल रिकाम्या टाकीवर तपासावा.

इंधन, उन्हाळा आणि पत्रा

ग्लो इंजिनचे इंधन मिथेनॉल व एरंडेल यांचे, कधी नायट्रोमिथेन मिसळलेले असते. छोट्या डिझेल इंजिनात ईथर, रॉकेल व एरंडेल साधारण सम प्रमाणात वापरतात. शुद्ध ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते. नांदेड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. मिश्रणातील ईथर एरंडेलाने धरून ठेवले असले तरी उन्हात तापलेल्या पत्र्याच्या टाकीत ते वाफेच्या रूपाने सुटते आणि नळीत बुडबुडे येतात. त्यामुळे डिझेल इंजिन उडवायचे तर सकाळी लवकर, बाटली ओल्या फडक्यात सावलीत ठेवून, आणि टाकी अगदी शेवटच्या क्षणी भरून. ईथरची वाफ जड असते व जमिनीलगत पसरते. जवळ विडी-काडी असता कामा नये. मिथेनॉल तर विषच आहे, त्याच्या विक्रीवर कायद्याचे निर्बंध आहेत, आणि त्याची ज्योत भर उन्हात दिसतही नाही. ते शिक्षकाच्या ताब्यातच राहावे आणि नळी तोंडाने ओढून टाकी कधीही भरू नये.

नळीही इंधनानुसार निवडावी लागते. सिलिकॉनची नळी मिथेनॉलला टिकते. डिझेलच्या इंधनात मात्र ती फुगते व निसटते.

टाकीसाठी तेलाच्या रिकाम्या डब्याचा कथिलाचा मुलामा असलेला पत्रा उत्तम. कागदावर उलगडलेला आकार काढून कापावा, कडा दुमडाव्यात व डाख द्यावा. हे काम गावातील पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडे बसून शिकण्यासारखे आहे. त्याचा हात आपल्या पुस्तकापेक्षा पुढे असतो. नळ्या ३ मिमी व्यासाच्या पितळी वा तांब्याच्या घ्याव्यात. फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी कॅपिलरी नळी स्वस्त खरी, पण तिचे छिद्र फार बारीक असते. डाख देताना नवसागर वापरला असल्यास टाकी आतून गरम पाण्याने अनेकदा धुवावी, अन्यथा पत्रा गंजून त्याचे कण सुईच्या झडपेत अडकतात. त्यानंतर एक सोडून सर्व नळ्या बंद कराव्यात, टाकी पाण्याच्या बादलीत बुडवावी आणि उरलेल्या नळीतून पिचकारीने हवा भरावी. बुडबुडा दिसला त्या जागी पुन्हा डाख द्यावा. उड्डाणानंतर उरलेले इंधन काढून घेऊन सर्व नळ्यांना टोपणे लावावीत. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि एरंडेल आत सुकून चिकट थर धरते.