मुलाकडे कायमचे जाण्यापूर्वी...

पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक आबा परवा तपासणीला आले. रक्तदाब आणि मधुमेह जुनेच. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा कॅनडात. दोघेही कायमचे या म्हणतात. कुठे जाऊ?"

मी विचारले, "तिथे आजारी पडलात तर बिल कोण भरणार?" आबा गप्प झाले.

अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळाले, तरी आबांसारख्यांना ६५ नंतरच्या सरकारी 'मेडिकेअर' विम्यासाठी आधी सलग ५ वर्षे तेथे राहावे लागते. कॅनडाच्या 'सुपर व्हिसा'साठी किमान १ लाख डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो, आणि तो व्हिसा कायमचा नसतो. आपल्याकडे २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना 'आयुष्मान भारत'मध्ये कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचाराची सोय आहे.

म्हणून वाचकहो, घर-शेत विकण्याआधी तिकडे एक हिवाळा काढून पाहा. थंडीत रक्तदाब वाढू शकतो. औषधांची चिठ्ठी मूळ नावांसह न्या. विमानात अधूनमधून उठून चाला. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

आबांनी घराचा सौदा तूर्त थांबवला आहे.