घरांचा पट्टा आणि हिशेबाचा ताळा

कावेरीकाठच्या कुंभकोणम नगरात, सारंगपाणी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसे घर आहे. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण या घरात गेले. आज ते स्मारक म्हणून जतन केलेले आहे. रामानुजन यांचे वडील गावातील एका कापड-व्यापाऱ्याकडे कारकून होते. स्वतः रामानुजन १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात दरमहा ३० रुपयांवर नोकरीस लागले. त्यांच्या प्रसिद्ध टिपणवह्यांचे पहिले प्रकरण जादूच्या चौरसांविषयी आहे. हिशेबाचा कागद आणि जादूचा चौरस यांत एक साम्य आहे. दोहोंत आडव्या ओळी व उभे रकाने असतात, आणि दोहोंची परीक्षा बेरजेने होते. आजच्या एका नव्या साधनाचे मर्म या साम्यावरून चांगले समजते.

संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यास स्प्रेडशीट म्हणतात. १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या अमेरिकन तंत्रज्ञांनी व्हिसिकॅल्क ही आज्ञावली बाजारात आणली आणि असा तक्ता लहान संगणकावर रूढ झाला. त्यातील रकान्यांना अक्षरे व ओळींना अंक दिलेले असतात. त्यामुळे प्रत्येक घराला आपले नाव मिळते. ‘बी३’ म्हणजे दुसऱ्या रकान्यातील तिसरे घर. ‘ए२ ते डी२’ असे म्हटले की चार घरांचा सलग पट्टा सांगितला जातो. काही घरांत आकडा नसून सूत्र असते. इतर घरे बदलली की त्या घरातील उत्तर आपोआप बदलते.

अलीकडे हे तक्ते भरण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’कडे सोपविता येते. एजंट म्हणजे माणसाची सूचना समजून घेऊन कामाच्या पायऱ्या स्वतः ठरविणारी प्रणाली होय. तो तक्त्याला स्वतः हात लावीत नाही. कोणत्या तक्त्यात, कोणत्या पट्ट्यात, कोणते आकडे लिहावयाचे, हे तो एका ठरावीक नमुन्यात मांडतो. मध्यस्थ साधन ती मागणी पुरी करते आणि किती घरे बदलली ते उलट कळविते.

यात चूक कोठे होऊ शकते, हे एका उदाहरणाने पाहू. रामानुजन यांच्या २२ डिसेंबर १८८७ या जन्मदिनांकावरून रचलेला पुढील चौरस प्रसिद्ध आहे :

२२  १२  १८  ८७
८८  १७  ९  २५
१०  २४  ८९  १६
१९  ८६  २३  ११

पहिल्या ओळीत जन्मदिनांकच आहे. कोणतीही ओळ, कोणताही रकाना, कोणताही कर्ण घ्या. बेरीज १३९ येते. आता समजा, दुसरी ओळ रिकामी आहे आणि ती भरण्यास आपण एजंटला सांगितले. त्याने पाच आकडे पाठवून पट्टा मात्र चार घरांचा सांगितला, तर माप जुळत नाही म्हणून साधन ती मागणी नाकारू शकते. परंतु त्याने ‘ए२ ते डी२’ ऐवजी ‘बी२ ते ई२’ सांगितले तर? आकडे चार, घरेही चार. साधनास तक्रार करण्याचे कारणच उरत नाही. तथापि सारे आकडे एक घर उजवीकडे सरकतात आणि २५ चौरसाबाहेर पडतो. पहिल्या रकान्याची बेरीज ५१ होते, दुसऱ्याची २१०. ही चूक बेरीजच उघडकीस आणते.

जादूच्या चौरसाचा ताळा त्याच्या अंगचाच असतो. व्यवहारातील तक्त्याचे तसे नाही. तेथे चुकीचा पट्टाही नीटनेटका दिसतो. २०१० साली कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रीय कर्ज व आर्थिक वाढ यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला आणि अनेक देशांच्या धोरणचर्चेत त्याचा आधार घेतला गेला. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता तपासला. सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळी घेतल्या होत्या. पाच देश गळाले होते. निबंधात इतरही दोष दाखविण्यात आले, परंतु ही चूक केवळ पट्ट्याची होती. ती माणसाने केली होती. यंत्र तीच चूक क्षणार्धात शेकडो तक्त्यांत करू शकेल.

दुसरा धोका अर्थ लावण्याचा. साधनास आकडा वा शब्द जसाच्या तसा ठेवण्यास सांगता येते, किंवा माणसाने टंकल्याप्रमाणे त्याचा अर्थ लावू देता येतो. दुसऱ्या प्रकारात ‘मार्च१’ हे जनुकाचे नाव तारीख बनते. या त्रासामुळे जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीला काही नावेच बदलावी लागली. २०२० साली तिने तसे नियम प्रसिद्ध केले.

तिसरा धोका सर्वांत सूक्ष्म आहे. बेरजेच्या घरातील सूत्र पुसून एजंटने तेथे नुसता १३९ हा आकडा लिहिला, तर तक्ता बरोबरच दिसेल. पुढे एखादे घर चुकले तरी तो १३९ हलणार नाही. ताळा मेलेला असेल आणि कोणास कळणारही नाही.

यास्तव काही नियम पाळावेत. लिहिण्यापूर्वी जुन्या आकड्यांची प्रत ठेवावी. पट्टा स्पष्ट नेमून द्यावा. लिहून झाल्यावर तोच पट्टा पुन्हा वाचून पडताळावा. आणि मुख्य म्हणजे, बेरजेची घरे एजंटला लिहिता येणार नाहीत अशी कुलूपबंद ठेवावीत. कीर्द लिहिणाऱ्याने आपला ताळा आपणच पाहू नये, ही जुन्या पेढ्यांची रीत. लिहिणारा हात यंत्राचा झाला म्हणून ती सोडण्याचे कारण नाही.