मगर आणि नदीकाठचा शेतकरी

वाशीम जिल्ह्यातील आमचे बहुतेक ओढे व लहान नद्या उन्हाळ्यात आटतात. परंतु पैनगंगेवर बंधारे झाल्यापासून तिच्या काही भागांत पाणी अधिक काळ साठून राहते. असे खोल व संथ पाणी मगरीस फार मानवते. सांगली जिल्ह्यात औदुंबर, भिलवडीपासून खाली कृष्णाकाठी मगरी नित्य दिसतात व तेथील शेतकऱ्यांस त्यांच्या शेजारीच राहावे लागते. म्हणून या प्राण्याच्या सवयी आमच्या वाचकांसही ठाऊक असाव्यात, असे आम्हांस वाटते.

मगर व सुसर यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. सुसरीचा जबडा लांब व चिंचोळा असून ती मुख्यतः मासे खाते. मगरीचे तोंड रुंद असते. मासे, बेडूक, पक्षी, कुत्री, शेळ्या, जे सापडेल ते तिला चालते. पूर्ण वाढलेला नर बारा ते पंधरा फूट लांब भरतो.

मगरीचे रक्त थंड असल्यामुळे हिवाळ्यात ती उन्हासाठी काठावर येऊन पडते. कडक उन्हाळ्यात ती काठात खणलेल्या बिळात शिरते आणि डोह आटल्यास जमिनीवरून चालत दुसरे पाणी गाठते. माघ ते चैत्र या सुमारास मादी वाळूत खड्डा करून साधारण 25 ते 30 अंडी घालते. सुमारे दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडी, पिले आतून आवाज करू लागतात. तेव्हा आई खड्डा उकरून त्यांस जबड्यात धरून पाण्यात नेते. नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. या दिवसांत मादी जवळ येणाऱ्यावर धावून जाते. शिवाय काठाची वाळू उपसली की घरटेही नाहीसे होते.

मगर पाण्याखाली दडून राहते आणि रोज ठराविक वेळी, ठराविक जागी उतरणारे जनावर वा माणूस हेरते. यास्तव एकाच घाटावर नित्य उतरू नये. गुरांस काठापासून दूर हौदावर पाणी पाजावे. मेलेली जनावरे नदीत टाकू नयेत. वीज रात्री मिळते म्हणून पंपाचा फूटव्हॉल्व्ह काढण्यास एकट्याने अंधारात पाण्यात उतरू नये. सोबत माणूस व उजेड असावा, आणि शक्य तर ते काम दिवसाच उरकावे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीस पूर्ण संरक्षण दिले आहे. तिला मारणे वा तिची अंडी काढणे हा गुन्हा आहे. मगरीने माणसास वा गुरांस इजा केल्यास वनखात्यास तत्काळ कळवून पंचनामा करवावा, कारण शासनाची नुकसानभरपाई त्यावाचून मिळत नाही. मगर दिसताच दगड घेऊन धावण्यापेक्षा तिची जागा व वेळ गावास कळविणे अधिक हिताचे होय. नदी सोडून जाणे तिलाही शक्य नाही व आपणांसही नाही. तेव्हा सावधपणे शेजार करणे हाच मार्ग उरतो.