वाढणीची लाकडी भांडी आणि त्यांचा लेप

लाकडी डाव, ओगराळे किंवा फळांचे तबक कारागीर मोठ्या कष्टाने घडवतो. परंतु त्यावर योग्य लेप नसेल, तर ते लवकरच तडकते, डागाळते किंवा त्याला खवट वास येऊ लागतो. असे का व्हावे, हे प्रथम पाहू.

लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांचा जणू एक जुडगाच होय. हवेतील व अन्नातील ओलावा शोषून ते फुगते आणि वाळले की आकसते. हे फुगणे तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक असते. त्यामुळे वारंवार भिजणारे भांडे तडकते. ओलाव्याची ही ये-जा मंद करणे, हे लेपाचे पहिले कार्य होय.

घरातील कोणतेही तेल चोळले की काम भागते, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल लाकडात शिरते, पण सुकत नाही. कालांतराने ते खवट होते. जवसाच्या तेलाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या रेणूंत कार्बनच्या अणूंमधील द्विबंध पुष्कळ असतात. तेथे हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन रेणू परस्परांना जोडले जातात व घट्ट पापुद्रा तयार होतो. काचेच्या दोन पट्ट्यांवर ही दोन प्रकारची तेले पातळ पसरून काही आठवडे हवेशीर जागी ठेवावी, म्हणजे हा भेद विद्यार्थ्यांना बोटानेच कळून येईल.

मात्र बाजारातील ‘उकळलेल्या’ जवस तेलात ते लवकर सुकावे म्हणून बहुधा धातूंची संयुगे मिसळलेली असतात. अन्नाच्या भांड्यांस शुद्ध कच्चे तेलच लावावे, थर अगदी पातळ द्यावा आणि तो पूर्ण सुकेपर्यंत धीर धरावा. दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची आहे. सुकताना हे तेल उष्णता बाहेर टाकते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग केल्यास ती उष्णता आत साठून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून त्या पाण्यात बुडवून ठेवाव्या, किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्या.

दुसरा पर्याय लाखेचा. ही एका कीटकाची देणगी होय. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे 1924 साली संशोधन संस्था स्थापन झाली. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. शुद्ध लाख अन्नास निर्धोक असते. तिच्यात मिसळलेला रंगही तसाच आहे ना, याची खात्री मात्र करून घ्यावी. लाख सुमारे 75 अंश सेल्सियसला मऊ होते व सोड्याच्या पाण्यात विरघळते. अर्थात लाडवांच्या तबकास ती शोभते. कढत आमटीच्या डावास नव्हे.

मधमाशांचे मेण सुमारे 63 अंशांस वितळते. त्याचा लेप फार टिकत नाही. पण तो पुन्हा देणे अगदी सोपे असते.

सारांश, कोरड्या पदार्थांच्या भांड्यास लाख किंवा मेण, आणि ओल्या व उष्ण पदार्थांच्या भांड्यास सुकणारे तेल द्यावे. तरीही कोणतेच लाकडी भांडे पाण्यात भिजत ठेवू नये. धुऊन, पुसून उभे वाळवावे. लेप फिका पडलेला दिसताच तो पुन्हा द्यावा, म्हणजे भांडे अनेक वर्षे टिकेल.