भिंतीतला दान्ते

२७ मे १८६५. राव्हेन्ना शहरात दान्तेच्या समाधीपाशी दुरुस्ती चालली होती. कवीच्या जन्माला सहाशे वर्षं झाली म्हणून इटलीभर उत्सव होता. शेजारच्या जुन्या प्रार्थनाघराची भिंत फोडताना आतून एक खिळखिळी लाकडी पेटी निघाली. पेटीवर लॅटिनमध्ये लिहिलं होतं: ही दान्तेची हाडं, १६७७ साली अंतोनिओ सान्ती नावाच्या मठवासी साधूने ठेवलेली.

मग समाधीत काय होतं? दगडी शवपेटी उघडून पाहिली, तर थोडी बारीकसारीक हाडं सोडता ती रिकामीच! इंग्रज कवी बायरन १८१९ ते १८२१ या काळात राव्हेन्नात राहून दान्तेपुढे नतमस्तक होत होता, तेव्हाही हाडं भिंतीतच होती.

या लपवालपवीची मुळं फ्लॉरेन्समध्ये आहेत. पक्षांच्या भांडणात १३०२ साली दान्तेला तिथून हद्दपार केलं गेलं, परत दिसला तर जिवंत जाळायची शिक्षा ठोठावली गेली. तो पुन्हा कधीच घरी गेला नाही. १३२१च्या सप्टेंबरात, व्हेनिसला दूत म्हणून जाऊन परतल्यावर, तो तापाने राव्हेन्नात वारला. मग त्याच फ्लॉरेन्सने त्याची हाडं मागायला सुरुवात केली. १५१९ साली दहावा लिओ पोप होता, तोही फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातला. त्याने परवानगी दिली. स्मारक मी घडवतो, असं खुद्द मायकेलअँजेलोने लिहून दिलं. फ्लॉरेन्सची माणसं राव्हेन्नात पोचली आणि मोकळ्या हातांनी परतली. फ्रान्सिस्कन साधूंनी मठाच्या बाजूने भिंतीला भोक पाडून हाडं आधीच काढून नेली होती. त्या साधूंचं मला मनापासून कौतुक वाटतं. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये १८३०पासून दान्तेचं भव्य स्मारक आहे, पण त्यात दान्ते नाही.

पण भिंतीत दडलेल्या दान्तेची याहून जुनी एक गोष्ट आहे, ती दान्तेचं चरित्र लिहिणाऱ्या बोकाच्चोने लिहून ठेवली आहे. दान्ते गेला तेव्हा ‘दिव्हिना कोमेदिया’ या त्याच्या महाकाव्याचे शेवटचे १३ सर्ग सापडेनात. याकोपो आणि पिएत्रो या मुलांनी घर पालथं घातलं. शेवटी मित्रांनी गळ घातली, की तुम्हीच लिहून पुरं करा. आठ महिन्यांनी याकोपोला वडील स्वप्नात दिसले आणि ते झोपायचे त्या खोलीतल्या भिंतीकडे बोट दाखवून गेले. भिंतीवरची चटई उचलली तर मागे कोनाडा, आणि त्यात ओलीने बुरसटलेले कागद! स्वप्नावर विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. तो बुरसा मात्र मला फार खरा वाटतो.

मुलांनी खरंच लिहायला घेतलं असतं, तरी ते सोपं नव्हतं. दान्तेने या काव्यासाठी रचलेली वीण विलक्षण आहे. तीन-तीन ओळींची कडवी. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीचं यमक जुळतं. मधली ओळ एकटी राहते, आणि तिचं यमक पुढच्या कडव्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत उतरतं. असं सर्गाच्या शेवटापर्यंत. म्हणजे प्रत्येक कडवं पुढच्याचा हात धरूनच जन्माला येतं. नक्कल करणाऱ्याच्या डुलकीत एखादं कडवं गळलं, किंवा कुणी मध्येच आपलं घुसडलं, तर सुटलेल्या टाक्यासारखं लगेच उघडं पडतं. शंभर सर्ग, १४,२३३ ओळी, आणि सगळ्या अशा एकमेकींत अडकवलेल्या.

हे जाणवलं की पुढची गोष्ट ऐकून थक्क व्हायला होतं. हाडं जपण्यासाठी लोकांनी भिंती फोडल्या, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने ती बागेत मातीच्या ढिगाखाली पुरली. पण दान्तेच्या हस्ताक्षरातली एकही ओळ, साधी सहीसुद्धा, आज जगात कुठे नाही. आपण वाचतो ते काव्य आलंय ते इतरांनी हाताने उतरवलेल्या शेकडो पोथ्यांतून. आणि कुठे काही गळलं का, हे तपासताना यमकांची ती साखळीच उपयोगी पडते.