खुर्ची देणारे आणि खुर्चीत बसणारे

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावले, की घटनादुरुस्ती करा, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावू नका. दुसऱ्याच दिवशी नवे सरन्यायाधीश जाहीर झाले : अजितनाथ राय. ज्यांना डावलले ते शेलट, हेगडे आणि ग्रोव्हर हे तिघेही सरकारविरुद्ध कौल देणारे. तिघांनी राजीनामे दिले.

सरकारने आडपडदा ठेवला नाही. न्यायाधीशाची विचारसरणी पाहूनच सरन्यायाधीश निवडायला हवा, असे समर्थन मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत केले. राय यांचा कल सरकारला ठाऊकच होता. १९७०च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात अकरा न्यायमूर्तींपैकी एकटे तेच सरकारच्या बाजूने उभे राहिले होते.

पण विचार पाहून केलेली निवड फळतेच असे नाही. व्ही. आर. कृष्ण अय्यर हे केरळच्या १९५७च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळातले मंत्री. १९७३मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयात आणले इंदिरा गांधींच्याच सरकारने. जून १९७५मध्ये आपली लोकसभेवरची निवड रद्द करणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती मागायला त्या याच न्यायमूर्तींपुढे आल्या, तेव्हा त्यांना मिळाली ती सशर्त स्थगिती : पंतप्रधानपद राहील, लोकसभेत मतदान मात्र करता येणार नाही.

म्हणजे न्यायाधीश कुठून आला यापेक्षा त्याला पुढे कुठे जायचे आहे, हे अधिक तपासायला हवे. आणीबाणीत, एप्रिल १९७६मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालाने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद झाले. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या एच. आर. खन्ना यांनी विरोध नोंदवला. जानेवारी १९७७मध्ये त्यांना डावलून बहुमतातले न्यायमूर्ती एम. एच. बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्ना पायउतार झाले. बहुमतातल्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. पुढे १९७८मध्ये जनता सरकारने, टीका होऊनही, ज्येष्ठतेनुसार त्यांनाच सरन्यायाधीश केले. १९८०मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या होत्या, तरी मिनर्व्हा मिल्स खटल्यात याच चंद्रचूडांनी आणीबाणीत केलेल्या ४२व्या घटनादुरुस्तीतली महत्त्वाची कलमे रद्द केली. त्यांच्या मनात काय होते, हे कोण सांगणार? एवढे मात्र खरे, की १९७६मध्ये सर्वोच्च खुर्ची त्यांच्या पुढे होती आणि १९८०मध्ये ते तिच्यात बसलेले होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३च्या निकालाने न्यायाधीशांच्या नेमणुकांचा लगाम न्यायमूर्तींच्या कॉलेजियमकडे गेला. तो परत घेण्यासाठी संसदेने केलेला नियुक्ती आयोगाचा कायदा २०१५मध्ये चार विरुद्ध एक मतांनी रद्द झाला. सरकारच्या हाती उरले ते नावे अडवणे. २०१९मध्ये न्यायमूर्ती अकील कुरेशी यांची मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी झालेली शिफारस सरकारच्या आक्षेपानंतर बदलली आणि ते त्रिपुराला गेले.

निवृत्तीनंतरच्या पदांचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये, असे विधी आयोगाने १९५८मध्येच सुचवले होते. आयोगाचे एक सदस्य, मुंबई उच्च न्यायालयाचे एम. सी. छागला, त्याच वर्षी राजदूत म्हणून अमेरिकेला गेले. रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९मध्ये सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले आणि मार्च २०२०मध्ये राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत पोहोचले. विधी आयोगाची ती सूचना आजही कायद्यात उतरलेली नाही.